गोटीराम नानांचे अकरा रविवार

मला गोटीराम नानांचा हेवा वाटायचा. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे माणूस गेल्यावर ह्यानं गोड गोड लिहिलं असं कुणी म्हणायला नको. धसईच्या भातगिरणीत पोती तोलणारा एक माणूस, शाळा चौथीत सुटलेला, आयुष्यात एक ठराव मांडला नाही, एका निवेदनावर स्वतःहून सही केली नाही, आणि त्याच्या नुसत्या निरोपावर बारा गावं गोळा व्हायची. आणि आमच्या संघटनेची सभा म्हणजे मी, रिक्षा, रिक्षावरचा भोंगा आणि समोर अकरा माणसं. त्यातला एक रिक्षावाला.

पहिल्यांदा हा फरक डोळ्यांत खुपला तो एका रविवारी धसईत. विषय काही फालतू नव्हता. ज्या तालुक्यांच्या डोंगरातलं पाणी मोठमोठ्या नळांतून शहराला जातं, त्याच तालुक्यांतल्या बायका नळाच्या कडेकडेनं चालत जाऊन विहिरीच्या तळातलं गढूळ पाणी वाटीनं हंड्यात भरतात. ह्यावर माणूस पेटून उठायला नको? मी बाजाराच्या जागेत उभा राहून गरजत होतो. पिवळ्या कागदावरची पत्रकं वाटून झाली होती. बावीस वर्षांचा होतो, घसा चांगला होता. आणि ऐन रंगात आलेल्या वाक्यावर मागच्या शेतातून असा काही कल्ला उठला, की माझ्या अकरांतल्या सहाजणांनी माना वळवल्या, आणि मग पाय.

"काय चाललंय तिकडं?" मी रिक्षावाल्याला विचारलं.

"नानाची कबड्डी हाय ना आज," तो म्हणाला. "तुमचं अजून लांबल काय? नाय म्हंजे, सिद्धगडवाल्यांची म्याच शेवटची असते. ती चुकवून चालत नाय."

मी भोंगा बंद केला आणि रागानं शेताकडं गेलो. तिथं हजारभर माणूस होतं. बाया, म्हातारे, कडेवरची पोरं, अंबरनाथच्या कारखान्यातून सुट्टीला आलेले तरुण. भाताचं खळं चोपून मैदान केलेलं. मंडप नाही, भोंगा नाही, एक खुर्ची नाही. आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस, गळ्यात सुतळीनं बांधलेली शिट्टी, भुवयांत भाताचा कोंडा. खेळाकडं त्याची जवळजवळ पाठच होती. तो माणसांकडं बघत होता.

मला बघून त्यानं वरपासून खालपर्यंत नजर टाकली आणि म्हणाला, "चौपन्न किलो. आनि उपाशी."

मी खरंच उपाशी होतो. म्हणून जास्तच राग आला.

पोती तोलून तोलून नानांना ही सवय लागली होती. कुणीही नवा माणूस समोर आला की आधी वजन, मग नाव. नव्या नवरीला "सत्तेचाळीस, पन आषाढापत्तूर पन्नास करल" असं म्हणाले होते, त्यावरून सासू महिनाभर बोलत नव्हती. पंचायत समितीचे एक जाडजूड साहेब आले तेव्हा नाना गप्प राहिले. साहेबांनीच विचारलं, "आमचं वजन नाही सांगितलंत?" नाना म्हणाले, "आमचा काटा शंभरापत्तूरच हाय." गिरणीत हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी.

त्यांची कबड्डी कशी चालायची ते सांगायला हवं. कारण आता सगळे म्हणतात, "काय दिवस होते!" पण कसे होते ते कुणी सांगत नाही. मी सांगतो. मी त्या माणसावर इतका जळायचो, की त्याच्याइतकं नीट मी दुसरं काहीच बघितलेलं नाही.

बारा गावं होती, बारा संघ. भात झोडून झालं, संक्रांत गेली की सुरू. दर रविवारी एका गावात सहा सामने, म्हणजे बाराही संघ खेळणार. अकरा रविवारांत प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं. हरला म्हणून बाहेर, हा प्रकार नाही. बाकीकडं एका दिवसात निकाल लागायचा. सकाळी हरलेला संघ दुपारी घरी. नानांचं म्हणणं, "हरलेला घरी गेला, तं त्याची आय पुढल्या रविवारी कशाला येल? मला त्याची आय पायजे."

गडी गावचाच हवा. पैसे देऊन बाहेरचा आणायचा नाही. ज्या घरची चूल त्या गावात पेटते त्या घरचा, मग तो नोकरीला कल्याणला जात असला तरी चालेल. आणि जेवण. ही त्यांची खरी करामत. सकाळी पाहुणे संघ आले, की गावातल्या बायका सुपाभोवती जमायच्या. सुपात चिठ्ठ्या, चिठ्ठीवर पाहुण्या गड्यांची नावं. ज्या घरानं जी चिठ्ठी उचलली, तो गडी त्या घरी जेवणार. दुपारी सामने सुरू झाले की मग गंमत. यजमान गावाचा संघ खेळतोय, आणि त्याच गावातली बाई समोरच्या संघातल्या पोरासाठी ओरडतेय, "पळ रे पळ, आमच्याकडं चार भाकऱ्या खाल्ल्यास त्या कुटं गेल्या?" तिचा स्वतःचा दीर पकड करायला उभा. तो ओरडायचा, "वयनी, घरी ये, बगतो तुला!" आणि अख्खं मैदान हसतंय.

"बघनाऱ्याला काम द्याया लागतं रे," नाना म्हणायचे. "नुसतं बघून मानूस कटाळतो."

आणि खरंच त्यांनी प्रत्येकाला काम लावलं होतं. ज्या माजी पाटलांना मनगटावरचं घड्याळ मिरवायची हौस, त्यांच्याकडं वेळ. गावागावांतला जो सर्वांत भांडकुदळ माणूस, जो पंचांच्या अंगावर धावून जायचा, त्यालाच शोधून रेषेवर उभा करायचे. "आता तू सांग, बाहेर का आत." तो माणूस इतका इमानदार व्हायचा की स्वतःच्या पुतण्याला बाद द्यायचा. तीन म्हाताऱ्या एका बाजेवर बसवलेल्या. त्यांचं काम, दिवसभरातली सर्वांत झकास पड निवडायची. जिंकण्याचं नव्हे, पडण्याचं बक्षीस! कोण कसा उताणा पडला, कुणाची गिरकी बसली, ह्यावर त्या तिघींचं असं भांडण चालायचं की लोक सामना सोडून बाजेभोवती उभे राहायचे. बक्षिसं तरी काय? प्लास्टिकची बादली, छत्री, विळा, कधी कोंबडा. कोंबडा जिंकलेला गडी पुढचा सामना बघून होईपर्यंत तो सांभाळायला कुणाकडं तरी द्यायचा, आणि तो कोंबडा सुटून मैदानात यायचा.

बसायला गिरणीतली रिकामी पोती. सर्वांना पोतीच. एकदा कल्याणकडचे जमिनींचे व्यवहार करणारे एक पुढारी आले. नाव लिहीत नाही, सारे त्यांना साहेब म्हणायचे. सोबत दोन गाड्या, गाडीत घडीची खुर्ची. माणसानं खुर्ची मांडली, अगदी पुढं. नाना गेले आणि खुर्चीमागं बसलेल्या एका म्हातारीला म्हणाले, "आक्के, दिसतंय काय?"

"नाय दिसत," म्हातारी म्हणाली. "डोकं दिसतंय येक."

"कुणाचं?"

"मला काय म्हायत? टक्कल हाय."

साहेब स्वतःच उठले. पोत्यावर बसले, पांढऱ्या पॅंटीला कोंडा लावून घेतला आणि तासाभरानं ओरडायलाही लागले. पण ते विसरले नाहीत. मीही विसरलो नाही, कारण त्या दिवशी साहेबांना खाली बसवायचं काम खरं तर आमच्या संघटनेचं होतं. आम्ही साहेबांविरुद्ध तीन पत्रकं काढली होती. एकाही पत्रकानं त्यांच्या पॅंटीला डाग पडला नव्हता.

आणि सिद्धगडवाले. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीचा संघ. सातातले दोन चाळिशी उलटलेले, एकाला उजव्या डोळ्यानं कमी दिसायचं. पहिली दोन वर्षं ते एकही सामना जिंकले नाहीत. दुसऱ्या कुणी त्यांचा सामना सुरुवातीलाच उरकून टाकला असता. नाना तो मुद्दाम शेवटी ठेवायचे. "जिंकणाऱ्याचं काय, तो जिंकतोच. हे येक दिवस जिंकतील ना, त्या दिवशी आपुन घरी होतो, असं कुनाला वाटाया नको." त्यामुळं दिवेलागणीची वेळ झाली तरी माणूस हलायचं नाही. न जाणो, आजच झालं तर?

तिसऱ्या वर्षी झालं. एका गुणानं. चाळिशीतल्या त्या गड्यानं, काशिनाथ त्याचं नाव, शेवटच्या चढाईत दोघांना मारलं आणि परत येताना मध्यरेषेवर पडला, नुसता हात पलीकडं. चार गावचं माणूस मैदानात घुसलं. हरलेल्या संघानं काशिनाथला खांद्यावर घेतलं. नंतर कळलं, मीसुद्धा ओरडत होतो. माझ्या हातातली पत्रकं कुठं पडली ते कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोत्यांखाली सापडली, तुडवलेली.

त्यानंतर मी नानांकडं पाच मिनिटं मागितली. हजार माणूस समोर बसलेलं, आणि पाण्याचा मोर्चा दोन आठवड्यांवर. गिरणीत गेलो.

"बोल की," नाना म्हणाले. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. "हाफटाइमात बोल. पन भोंगा नको आनूस. भोंगा लावला की मानूस गप बसतो. गप मानसाला काय सांगनार?"

मी बोललो. तयारी करून गेलो होतो. पाणी, हक्क, शहर, नळ, हंडा. सुरुवातीला ऐकत होते. मग पडीचा निकाल देणाऱ्या तिघींपैकी एकीनं मध्येच विचारलं, "पोरा, तू आज कुनाकडं जेवलास रे?"

"मी? मी डबा आणलाय, आजी."

"डबा?" ती शेजारणीकडं वळली. "डबा घेऊन आलाय गो हा."

कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. एक प्रकारची कीव पसरली मैदानभर. कुठल्या घरचा नाही, कुणाचा पाहुणा नाही, डबा घेऊन आलाय बिचारा. मी पुढं बोललो, पण लोक आता माझ्या डब्याकडं बघत होते.

संध्याकाळी नाना म्हणाले, "पुढल्या रविवारी तुझी चिठ्ठी टाकू काय सुपात?"

त्यांनी मनापासून विचारलं होतं. मी म्हणालो, "नाना, मी इथं जेवायला येत नाही. तुम्ही लोकांना खेळात गुंगवून ठेवता, आणि त्यांचं पाणी चाललंय तिकडं."

"मंग पाणी आन की रे," नाना म्हणाले. "मी आडवलाय तुला?"

मोर्च्याला चाळीस माणसं आली. नाना आले होते. पोत्याची घडी बगलेत घेऊन, बसायला. तहसील कचेरीसमोर त्यांनी ती पसरली आणि शेजारच्याला विचारलं, "किती टाइम चालतो हा?"

आता पत्रकाची गोष्ट. हे लिहायचं टाळता येणार नाही.

त्या हंगामात मारुती नावाच्या एका गड्याचा खांदा निखळला. रोजंदारीवर जाणारा पोरगा. महिनाभर घरी बसला आणि त्याच्यासाठी कुणी काही केलं नाही. मी पत्रक काढलं, 'खेळ तुमचा, हाड मारुतीचं!' त्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि खाली माझं नाव होतं. आम्ही निनावी लिहीत नाही. नानांनी ते गिरणीत काट्याजवळ उभं राहून, ओळीखाली बोट धरून वाचलं. मग म्हणाले, "झ्याक लिवलंस. खरं हाय. आमचं चुकलं." पुढच्या रविवारपासून प्रत्येक गावानं दोन पायल्या तांदूळ मारुतीच्या घरी पोचवायचे असं ठरलं, आणि ते पोचलेही, मारुती कामाला जाईपर्यंत. पुढं कुणाला लागलं तरी हाच नियम.

माझ्या पत्रकाचं चीज झालं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता की नाही? आमच्या संघटनेच्या सबंध इतिहासात पंधरा दिवसांत मान्य झालेली ती एकमेव मागणी होती. पण लोक म्हणाले, "नानानं किती चांगलं केलं." पत्रकाचं नाव कुणी काढलं नाही.

म्हणून मी दुसरं पत्रक काढलं. त्याचा मथळा, 'बादलीवर बोळवण किती दिवस?' पोरांच्या घामावर बारा गावं करमणूक करून घेतात आणि त्यांच्या हातात प्लास्टिकची बादली ठेवतात, मुंबईकडं स्पर्धांत मोटारसायकली मिळतात, आमचे खेळाडू काय कमी आहेत, ही मक्तेदारी कुणाची, वगैरे. ह्यात खोटं काय, असं मला आजही कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. पण पहिलं पत्रक मी मारुतीसाठी लिहिलं होतं. हे दुसरं मी नानांसाठी लिहिलं, आणि लिहिताना मला ते माहीत होतं.

पोरं पेटली. पेटणारच. माझ्या शब्दांवर माणसं पेटलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. आणि साहेबांनी ते पत्रक उचललं. त्यांच्याविरुद्ध तीन पत्रकं काढणारा मी, चौथं त्यांच्या खिशात. त्यांनी जाहीर केलं: मोटारसायकल देतो, मंडप देतो, खुर्च्या देतो, मुरबाडला मोठ्या मैदानावर घ्या. अट एवढीच की एका दिवसाची स्पर्धा हवी, आणि बाहेरचे गडी खेळवायला मुभा हवी. "दर्जा वाढला पाहिजे," साहेब म्हणाले.

मुरबाडच्या एका कार्यालयात बारा गावांची बैठक झाली. प्रत्येक गावचे दोघेदोघे. साहेबांचं म्हणणं मान्य करायचा ठराव मी मांडला. नाना मागं भिंतीला टेकून बसले होते. कुणीतरी म्हणालं, "नाना, तू पन बोल की."

नाना उठले. "मोटारसायकल येका गावाला भेटल," ते म्हणाले. "बाकी अकरा गावांनी त्या दिवशी काय बघायचं?"

"मोटारसायकल बघतील!" मागून एक पोरगा ओरडला आणि हशा झाला. मीही हसलो. नानांना सुद्धा हसू आलं. मग हात वर झाले. सिद्धगडवाले दोघे आणि नाना सोडून सगळे.

बाहेर आल्यावर मी नानांजवळ गेलो. का गेलो, सांगता येत नाही. जिंकलेल्या माणसाला हरलेल्याचं तोंड बघायचं असतं, तसंच काहीतरी.

"राग आला का नाना?"

"आला," ते म्हणाले. सरळ. "तू येक दिवस पन खाली बसून नीट म्याच बघितली नाय रे. सिद्धगडाची सोडून. आनि तुझ्या सांगन्यावर गेलं सगळं." मग एसटी आली आणि ते धसईच्या गाडीत चढून गेले.

पहिलं वर्ष जोरात झालं. एवढी गर्दी मुरबाडनं बघितली नव्हती. रंगीत मंडप, भोंगे, मागवलेले गडी, गाड्यांवरून मिरवणूक. साहेबांनी भाषणात माझा उल्लेख केला. सिद्धगडवाले सकाळी साडेनवाला पहिल्याच सामन्यात हरले आणि दहाच्या गाडीनं गेले. दुसऱ्या वर्षी बायका आल्या नाहीत, कुणासाठी येणार? मोटारसायकलीवरून दोन गावांत मारामारी झाली, आणि त्यांच्या संघांतले गडी त्या गावांचे नव्हतेच. आता पत्रक कुणाविरुद्ध काढायचं? मी विचार केला. बारा गावांतले तरुण आता रविवारी नाक्यावर बसायचे. आमच्या सभेला मात्र तेव्हाही अकराच माणसं. म्हणजे नानांकडून काढून घेतलेलं ते माणूस माझ्याकडं आलंच नाही. हे गणित मी चुकलो होतो, आणि ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

नाना शेवटचे दिसले ते तिसऱ्या वर्षी, त्याच मुरबाडच्या मैदानावर. त्यानंतर वर्षभरात ते गेले.

दुपार होती. आपली सगळी गावं सकाळीच बाद झालेली. मंडपात निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. मैदानावर मागवलेले गडी मागवलेल्या गड्यांशी खेळत होते, छान खेळत होते, आणि भोंग्यावरचा माणूस बक्षीस देणाऱ्यांची नावं वाचत होता. मी मंगळवारच्या मोर्च्याची पत्रकं घेऊन फिरत होतो. पुढं, खुर्च्यांच्याही पुढं, रेषेजवळ जमिनीवर नाना बसले होते. आजूबाजूला दहाबारा माणसं, बरीचशी आपापल्या टेम्पोची वाट बघणारी.

"नाना, अजून बसलात? आपलं कुणी राहिलं नाही आता."

"खेळ चाललाय की," ते म्हणाले. नजर समोर. "तो काळ्या चड्डीतला बग. सकाळधरनं बघतोय. काय गडी हाय! पन कुनाचा ते कळंना झालंय. चैन पडंना."

"भाड्याचा आहे नाना तो. कुणाचा असणार?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काहीतरी अडाण्यासारखं बोललोय. शिट्टी झाली, मध्यंतर. नाना गुडघ्यावर हात टेकून उठले आणि सरळ मैदानात गेले. छातीला बिल्ला लावलेला एकजण आडवा आला. नानांनी त्याला काहीतरी सांगितलं, बहुधा त्याचं वजन, कारण तो चमकून बाजूला झाला. गड्यांच्या कोंडाळ्यात शिरून त्यांनी त्या काळ्या चड्डीतल्या पोराचं मनगट धरलं. पोरगा आधी वैतागलेला दिसला. मग काहीतरी सांगू लागला. मग हसला. सबंध दिवसात तिथं कुणी हसलेलं मी बघितलं ते तेवढंच.

नाना जवळजवळ पळतच परत आले. "अरे, इगतपुरीकडचा हाय! आय लहानपनीच गेली, मावशीनं वाढवला. आनि मावशी कुटं दिलीय? शेणव्याला!"

मंडपाच्या कडेला शेणव्याची चारपाच माणसं टेम्पोची वाट बघत उभी होती. नाना तिकडं तोंड करून ओरडले, "ओ शेणवेकर! तुमच्या गावचा भाचा खेळतोय हितं आनि तुमी टेम्पो कसले बघताय?"

"कुणाचा भाचा?" एक बाई म्हणाली.

"कमळीचा! बहिणीचा पोरगा वाढवलेला तिनं!"

"खालच्या आळीच्या कमळीचा? तो यवडा झाला?" बाई पुढं आली. "तो आमच्या दारात खेळायचा गो! चिंचा पाडायचा!" ती खाली बसली. तिच्यामागं बाकीचे आले. टेम्पो आला, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, कुणी उठलं नाही. थोड्या वेळानं ड्रायव्हरही येऊन उभा राहिला. मागच्या खुर्च्यांवरचे काहीजण, काय झालं बघायला पुढं सरकले. ज्याला त्याला ती बाई चिंचांची गोष्ट सांगत होती. पाच मिनिटांत तिथं तीसचाळीस माणूस झालं, आणि त्यांना त्या सामन्यात कोण जिंकावं हे ठाऊक झालं.

पाच मिनिटं. एक प्रश्न. माझ्या हातात मंगळवारची पत्रकं होती, दोनशेतली सकाळपासून एकसष्ट वाटून झालेली.

"कमळीच्या पोरा!" ती बाई ओरडली. "चिंचचोरा! आन दोन मारून!"

तो चढाईला निघाला होता. दिवसभर त्यानं माणसांकडं एकदाही बघितलं नव्हतं. भाड्याचा गडी बघत नसतो. मध्यरेषेवर तो थबकला, मान वळवली, आणि आवाज कुठून आला ते शोधलं. मग श्वास घेऊन आत गेला.

नाना दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पुढं वाकून बघत होते, तोंड उघडं, शर्टावर धूळ. मी तिथंच उभा होतो हे ते विसरून गेले होते. खाली बरीच जागा होती. मी पत्रकं बगलेत मारली आणि नाक्याकडं निघालो. मागं कल्ला उठला तेव्हा त्यानं कितीजणांना मारलं, ते मला कळलं नाही.